तात्पुरता डेटाबेस : कशासाठी, कसा आणि कोठवर

शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एका ओळीची किंमत काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. जातीचा दाखला काढावयाचा असो, पडताळणी समितीपुढे कागद ठेवावयाचे असोत, शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा राखीव जागेवरील नेमणूक असो, एका टप्प्यावर प्रश्न येतोच : आजोबांच्या शाळेतला काही पुरावा आहे का? अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख पडताळणीत निर्णायक मानली जाते. त्याआधीची एखादी शालेय नोंद हाती लागली, तर त्या घरातील पुढच्या पिढ्यांचा मार्ग सुकर होतो. ती सापडली नाही, तर किती खेटे घालावे लागतात हे ज्यांनी घातले आहेत तेच जाणतात.

अशी रजिस्टरे आता ठिकठिकाणी संगणकावर येऊ लागली आहेत. ती आणणाऱ्या तरुणांत आपल्यासारख्या निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुलीही आहेत. या वसतिगृहात वाढून पुढे संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेले आम्ही काही माजी विद्यार्थी म्हणूनच या लेखासाठी वरकरणी फार तांत्रिक वाटणारा विषय निवडत आहोत : कंटेनर मंचावर तात्पुरता डेटाबेस कसा उभा करावा. पालकांना यातील प्रत्येक पायरी करून पाहण्याची गरज नाही. परंतु घरातील मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून "डेटाबेस उभा केला आणि पाडला" असे म्हणते, तेव्हा ती नेमके काय करते आणि पाडण्यात शहाणपण कोणते, हे समजावे एवढी आमची इच्छा आहे.

प्रथम गरज पाहू. कागदी रजिस्टरातील नाव, जात वा जन्मतारीख बदलावयाची असेल, तर मुख्याध्यापकांनाही ते आपल्या मर्जीने करता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. बदल झाला तरी मूळ अक्षर खाडाखोडीखाली दिसत राहते. संगणकातील नोंदीला असे संरक्षण आपोआप मिळत नाही. समजा, 'जात' या रकान्यात एकाच समाजाची नोंद चार वेगवेगळ्या प्रकारे झालेली आहे आणि कोणा उत्साही कार्यकर्त्याला ती एकसारखी करावयाची आहे. डेटाबेसला द्यावयाची आज्ञा एका ओळीची असते. त्या ओळीच्या शेवटी 'कोणत्या नोंदींत' ही अट लिहावयाची राहून गेली, तर डेटाबेस शंका विचारत बसत नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याची जात बदलून मोकळा होतो. याला लागणारा वेळ एका श्वासाहून कमी असतो.

म्हणून नवी आज्ञा, नवा प्रोग्राम, नवा रकाना, काहीही खऱ्या रजिस्टरवर प्रथम चालवावयाचे नसते. त्यासाठी वेगळी जागा हवी : हुबेहूब तशीच, पण आतील माहिती खोटी, आणि बिघडली तर टाकून देता येण्याजोगी. हाच तात्पुरता डेटाबेस. इंग्रजीत त्यास जो शब्द आहे तो 'इफेमरल', म्हणजे अल्पजीवी. आपल्या शाळेत अनित्य हा शब्द कानांवरून पुष्कळदा गेलेला असतो. परंतु येथे त्याचा तात्त्विक अर्थ शोधण्याचे कारण नाही. हा सरळ व्यवहाराचा मामला आहे.

आता साहित्याची ओळख. डेटाबेस म्हणून आपण पोस्टग्रेस्क्यूएल घेऊ. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पोस्टग्रेस या प्रकल्पातून तो पुढे आला आणि १९९६ पासून आजच्या नावाने ओळखला जातो. तो मुक्त आहे, विनामूल्य आहे, आणि मोठमोठ्या व्यवहारांस पुरेल इतका भक्कम आहे. गरीब विद्यार्थ्याला शिकण्यासाठी आणि मोठ्या संस्थेला चालवण्यासाठी तेच साधन मिळावे, ही गोष्ट आमच्या मते लहान नाही.

कंटेनर म्हटले की न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाणारे लोखंडी डबे डोळ्यांपुढे येतात. संगणकातील कंटेनरचे नाव तेथूनच आले आहे आणि ते चपखल आहे. १९५६ सालच्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ डबे चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. त्यापूर्वी माल गोण्या, पेट्या, पिंपे अशा सुट्या रूपात हमालांच्या पाठीवरून चढे-उतरे. डब्याचे माप एकदा ठरल्यावर आत कापूस आहे की यंत्रे आहेत, याच्याशी क्रेनला कर्तव्य उरले नाही. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने प्रोग्रामांच्या बाबतीत हेच घडवले. प्रोग्राम आणि त्यास चालण्यासाठी लागणाऱ्या साऱ्या फाइली एका ठरावीक बांधणीत बंद केल्या की तो गठ्ठा कोणत्याही संगणकावर सारखाच चालतो. बंद गठ्ठ्याला इमेज म्हणतात. तो चालू केला की कंटेनर होतो. एकाच इमेजपासून हवे तितके कंटेनर चालू करता येतात, आणि कंटेनरात काहीही घडले तरी इमेज मुळात होती तशीच राहते.

डबे शेकड्यांनी झाले की बंदर लागते. कोणता डबा कोठे ठेवावयाचा, पडला तर दुसरा केव्हा उभा करावयाचा, हे पाहणारी व्यवस्था म्हणजे कंटेनर मंच. गूगलने २०१४ साली जाहीर केलेला कुबरनेटीस हा यातील सर्वांत प्रचलित. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. रेड हॅट कंपनीचा ओपनशिफ्ट हा मंच २०१५ मधील आपल्या तिसऱ्या आवृत्तीपासून कुबरनेटीसवरच उभा आहे. पुढील विवेचन आम्ही ओपनशिफ्टला धरून करतो, कारण त्यात तात्पुरत्या डेटाबेसचा तयार साचा मिळतो.

कुबरनेटीसमध्ये कंटेनर एकटा राहत नाही. तो 'पॉड' नावाच्या वेष्टनात राहतो. पॉड हाच या मंचावरील सर्वांत लहान घटक. हा भेद नीट समजून घ्यावा, कारण तात्पुरत्या डेटाबेसचे सारे मर्म यात आहे.

वसतिगृहात राहिलेल्या वाचकांना ते लवकर उमगेल. मुलाला खाट मिळते आणि खाटेशेजारी एक कप्पा मिळतो. मुलगा शाळेत जातो, परत येतो, आजारी पडून दोन दिवस दवाखान्याच्या खोलीत झोपतो; कप्प्यातील वह्या जागच्या जागी राहतात. पण ज्या दिवशी त्याचे नाव वसतिगृहातून कमी होते, त्या दिवशी कप्पा रिकामा करून पुसून ठेवला जातो आणि येणाऱ्या नव्या मुलाला तो कोराच मिळतो. याउलट कोठीच्या खोलीत नाव घालून ठेवलेली लोखंडी पेटी असते. मुलगा या खोलीतून त्या खोलीत गेला तरी पेटी त्याचीच राहते.

पॉडमधील कंटेनरला माहिती ठेवण्यास अशाच जागा असतात. स्वतः कंटेनरच्या पोटात लिहिलेले तर कंटेनर नव्याने सुरू होताच जाते. ते म्हणजे जणू तळहातावर लिहिलेले. कप्प्याच्या जागी 'एम्प्टीडिर' नावाची रिकामी जागा असते : पॉड जन्मला की ती कोरी तयार होते, आतील कंटेनर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी टिकते, आणि पॉड गेला की त्याच्याबरोबर नाहीशी होते. पेटीच्या जागी 'पर्सिस्टंट व्हॉल्यूम', म्हणजे पॉडच्या जन्ममरणाशी न बांधलेली साठवण, असते. ओपनशिफ्टच्या तात्पुरत्या साच्यात पोस्टग्रेस्क्यूएलची माहिती या दुसऱ्या प्रकारच्या जागेत, म्हणजे कप्प्यात, ठेवली जाते. साच्याच्या वर्णनातच इशारा लिहिलेला आहे की पॉड नष्ट झाल्यावर माहिती जाईल, तेव्हा हा साचा केवळ चाचणीसाठी वापरावा. असे इशारे वाचण्याची सवय मुलांना लावावी. बहुतेक जण पुढचे बटण दाबण्याच्या घाईत असतात.

आता प्रत्यक्ष उभारणी. ओपनशिफ्टशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत : ब्राउझरमध्ये उघडणारे वेब कन्सोल, आणि 'ओसी' नावाचे आज्ञा टंकण्याचे साधन. कन्सोलमध्ये सारे चित्ररूपाने दिसते, म्हणून नवशिक्यांना ते बरे वाटते. पण आमचा कल ओसीकडे आहे. टंकलेली आज्ञा वहीत उतरवून ठेवता येते, दुसऱ्याला देता येते आणि उद्या तशीच पुन्हा चालवता येते. तात्पुरत्या गोष्टी पुन्हा पुन्हा उभ्या करावयाच्या असल्याने हे महत्त्वाचे ठरते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकावयाच्या. येथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.

ओसी लॉगिन करून आत शिरल्यावर 'ओसी न्यू-प्रोजेक्ट' या आज्ञेने एक स्वतंत्र प्रकल्प करावा. नावात रोमन लहान अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते. चाचणीचा प्रकल्प वेगळा ठेवण्यात कारण आहे : शेवटी सारा पसारा उचलावयाचा तेव्हा एक प्रकल्प पुसला की काम होते, आणि आपली चुकीची आज्ञा दुसऱ्याच्या अंगणात जात नाही. त्यानंतर 'ओसी न्यू-ॲप' ही आज्ञा देऊन पुढे 'पोस्टग्रेस्क्यूएल-इफेमरल' हे साच्याचे नाव लिहावे. बहुतेक मंचांवर हा साचा आधीच ठेवलेला असतो. एवढ्यावरच डेटाबेस उभा राहू शकतो, कारण साच्यातील प्रत्येक रिकाम्या जागेसाठी ठरलेले मूल्य आहे. डेटाबेसचे नाव आपण दिले नाही तर 'सॅम्पलडीबी' असे पडते, मेमरीची मर्यादा ५१२ एमबीच्या घरात राहते, आणि वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड मंच स्वतः घडवतो.

यातील डेटाबेसचे नाव आपण आवर्जून द्यावे. 'चाचणी' हा शब्द त्यात असावा, असा आमचा आग्रह आहे. पडद्यावर एकाच वेळी चार खिडक्या उघड्या असतात, रात्रीचे अकरा वाजलेले असतात. अशा वेळी आपण खऱ्या रजिस्टरपुढे बसलो आहोत की खोट्या, हे नावावरूनच कळले पाहिजे. पासवर्ड मात्र मंचाला घडवू द्यावा. माणूस निवडतो त्यापेक्षा तो चांगलाच असतो. तो 'सीक्रेट' या घटकात ठेवला जातो. या नावावर मात्र फार विसंबू नये. सीक्रेटमधील मजकूर बेस सिक्स्टीफोर या पद्धतीने केवळ वेगळ्या अक्षरांत मांडलेला असतो. ते कुलूप नव्हे, नुसते झाकण आहे; ज्याला त्या प्रकल्पात सीक्रेट वाचण्याची मुभा आहे, त्याला ते क्षणात उघडता येते. तेव्हा प्रकल्पात कोणाकोणाला घेतले आहे, याकडे लक्ष असावे.

आज्ञा दिल्यावर थोडा वेळ थांबावे लागते. 'ओसी गेट पॉड्स' असे विचारले की पॉडची स्थिती दिसते. येथे 'रनिंग' हा शब्द वाचून पुष्कळ जण घाई करतात. शेजारच्या रकान्यात शून्य छेद एक असे दिसत असेल, तर कंटेनर चालू झाला आहे पण डेटाबेस अजून प्रश्न घेण्यास तयार नाही. एक छेद एक झाले की तयार. त्यानंतर 'ओसी आरएसएच' आणि पॉडचे नाव लिहून कंटेनरच्या आत जाता येते व तेथे 'पीएसक्यूएल' ही आज्ञा देऊन डेटाबेसशी थेट बोलता येते. प्रकल्पातील दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला हा डेटाबेस हवा असेल, तर त्याने पॉडचा पत्ता वापरू नये, कारण पॉड बदलला की पत्ता बदलतो. साच्याने 'सर्व्हिस' नावाचा एक कायम पत्ताही तयार केलेला असतो. 'पोस्टग्रेस्क्यूएल' हे त्याचे नाव आणि ५४३२ हा पोर्ट, एवढे प्रोग्रामला पुरते. वाड्यात बिऱ्हाडे बदलली तरी टपाल वाड्याच्या नावावर येत राहते, तसे हे आहे.

यापुढची पायरी मुले सहसा गाळतात. आम्ही ती कधीच गाळू देत नाही. डेटाबेस हाती आल्याबरोबर त्यात एक लहानसा तक्ता करावा, तीन काल्पनिक विद्यार्थ्यांची नावे घालावीत, आणि मग मुद्दाम मोडतोड करावी. प्रथम कंटेनरमधील मुख्य प्रक्रिया थांबवावी. मंच ती पुन्हा सुरू करतो. आत जाऊन पाहावे तर तिन्ही नावे आहेत. पॉड तोच होता, कप्पा तोच होता. मग 'ओसी डिलीट पॉड' अशी आज्ञा द्यावी. काही क्षणांत नव्या नावाचा पॉड उभा राहतो. वापरकर्ता तोच, पासवर्ड तोच, डेटाबेसचे नाव तेच, सर्व्हिसचा पत्ताही तोच. आणि तक्ता विचारला तर उत्तर येते की असा तक्ता अस्तित्वात नाही.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य तात्पुरत्या डेटाबेसात महत्त्वाचे काही ठेवण्याची हिंमत करत नाही. धोका माहिती जाण्यापुरता नाही. बाहेरून सारे सुरळीत दिसते, हा खरा धोका आहे. कुलूप तेच, किल्ली तीच, दारही उघडते. घर मात्र रिकामे. त्यातून पुष्कळ प्रोग्राम असे लिहिलेले असतात की तक्ता नसेल तर ते गुपचूप नवा कोरा तक्ता तयार करून कामाला लागतात. मग चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. दोन दिवसांनी कोणीतरी जुनी नोंद शोधतो, तेव्हा उलगडा होतो.

पॉड आपण पुसला तरच जातो, असेही नाही. ज्या संगणकावर तो राहतो त्याची देखभाल निघाली की पॉड तेथून काढून दुसरीकडे नव्याने उभा केला जातो. त्या संगणकावर जागेची वा मेमरीची टंचाई झाली तर काही पॉड बाहेर काढले जातात. आपण डेटाबेसच्या मांडणीत एखादे मूल्य बदलले तर नवी आवृत्ती म्हणून नवा पॉड येतो. पॉडची संख्या शून्य करून पुन्हा एक केली तरी तेच. शिकणाऱ्यांसाठी रेड हॅट ठरावीक मुदतीपुरता जो विनामूल्य मंच देते, तेथे तर काही तास उलटले की चालू पॉड आपोआप थांबवले जातात. रात्री भरलेली माहिती सकाळी नसते. तक्रार करण्यात अर्थ नाही. कप्पा आपला नव्हता.

मग दर वेळी माहिती पुन्हा कशी भरावयाची? हाताने नव्हेच. तक्ते तयार करणाऱ्या आणि खोटी माहिती भरणाऱ्या आज्ञा एका फाइलीत लिहून ती फाइल मंचाबाहेर, शक्यतो गिटसारख्या इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवावी. नवा पॉड आला की फाइल चालवावी. मिनिटभरात चाचणीचे रजिस्टर पूर्ववत उभे. येथे तात्पुरतेपणाचा गुण दिसू लागतो. प्रत्येक चाचणी त्याच कोऱ्या पाटीवरून सुरू होते. कालच्या प्रयोगाचा उरलेला गाळ आजच्या निकालात मिसळत नाही. ज्या गटात पाच मुले काम करतात, तेथे प्रत्येकाला आपापला डेटाबेस देता येतो आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम अडत नाही.

माहिती खोटीच का, यावर थोडे अधिक बोलले पाहिजे. "खऱ्या रजिस्टरची एक प्रत काढून तीच चाचणीला घेऊ, म्हणजे सगळ्या अडचणी कळतील," हा विचार सोयीचा आहे आणि आम्हांस तो मान्य नाही. त्या प्रतीत मुलांची नावे, जात, पालकांचे उत्पन्न, मोबाइल क्रमांक, कधी आधार क्रमांकही असतो. चाचणीच्या डेटाबेसाचा पासवर्ड चार जणांना ठाऊक असतो, त्याची राखण कोणी करत नाही, आणि एखाद्या मुलाच्या लॅपटॉपवर त्याची प्रत राहून जाते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेने २०२३ साली केला, त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीवर काम करताना पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीचे तत्त्व घातले आहे. पण कायदा नसता तरी आपल्या समाजाला हे समजावे लागू नये. जात ही माहिती कोणाच्या हाती पडते यावर तिचा उपयोग ठरतो की उपद्रव, याचा अनुभव आपल्या घरांतून आहे.

खोटी माहिती मात्र विचारपूर्वक बनवावी. 'अ', 'ब', 'क' अशी नावे घालून झालेली चाचणी निरुपयोगी. मराठी नोंदींच्या अडचणी मराठीच्या असतात, आणि परदेशांत बनलेली तयार उदाहरणे त्या दाखवत नाहीत. पहिली गोष्ट, डेटाबेसचे अक्षरसंकेतन यूटीएफ-८ आहे ना, हे उघडताच पाहावे. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे वा चौकोन दिसण्याचा प्रसंग येतो. नंतर 'कुऱ्हाडे' किंवा 'वऱ्हाडे' असे आडनाव घ्यावे. यातील ऱ्य-ऱ्ह मधला अर्धा र निरनिराळ्या कळफलकांवर दोन तऱ्हांनी टंकला जातो : एका तऱ्हेत त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागते. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात. डेटाबेसला ती भिन्न वाटतात. कार्यालयातील लिपिकाने एका प्रकारे नोंद केली आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या प्रकारे टंकले, तर उत्तर येणार : अशी नोंद नाही. ज्या पालकाला आजोबांचा दाखला हवा आहे, त्याला हे उत्तर किती महाग पडेल! पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये अक्षरे एकरूप करण्याची सोय तेराव्या आवृत्तीपासून आहे. पण अदृश्य जोडचिन्हाचा हा भेद तिनेही मिटत नाही. नोंद करताना आणि शोधताना तो वेगळ्याने झाडून घ्यावा लागतो.

क्रमवारीचेही तसेच. केवळ संकेतांकांच्या क्रमाने नावे लावली तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. 'क्षीरसागर' हे आडनाव क च्या रांगेत शेवटी जाऊन बसते, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. ॲ ने सुरू होणारी नावे तर साऱ्या व्यंजनांच्याही मागे जातात. रजिस्टर वर्णानुक्रमे छापावयाचे असेल, तर हे सारे आधी खोट्या नावांवर पाहून, योग्य क्रमवारीचा नियम निवडून, मगच खऱ्या रजिस्टरकडे वळावे.

यासाठी महागडा लॅपटॉप घ्यावा लागतो का, असे पालक विचारतात. नाही. स्वतःच्या यंत्रावर संपूर्ण ओपनशिफ्ट चालवणारे 'ओपनशिफ्ट लोकल' हे साधन आहे खरे, पण आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ते बसत नाही. त्याऐवजी पॉडमॅन वा डॉकर घेऊन पोस्टग्रेस्क्यूएलचा एकच कंटेनर चालवला तर तो साध्या यंत्रावरही सहज चालतो. आज्ञेत 'आरएम' हा पर्याय लिहिला की थांबवताच कंटेनर आणि त्याबरोबर तयार झालेली निनावी साठवण पुसली जाते. मराठी अक्षरांच्या चाचण्या, आज्ञांचा सराव, तक्त्यांची रचना, हे सर्व एवढ्यावर शिकता येते. पॉड, सर्व्हिस, सीक्रेट यांची ओळख नंतर विनामूल्य मंचावर करून घ्यावी. तेथे नवा प्रकल्प करण्याची मुभा नसते, आधी दिलेल्या प्रकल्पातच काम करावे लागते.

खरे रजिस्टर ठेवावयाचे झाले तर साचा बदलतो. ओपनशिफ्टमध्ये 'पोस्टग्रेस्क्यूएल-पर्सिस्टंट' नावाचा दुसरा साचा आहे. तो कोठीतील पेटी मागून घेतो. पॉड गेला तरी माहिती राहते. मात्र पेटी असणे म्हणजे प्रत असणे नव्हे. प्रकल्पच पुसला गेला तर बहुतेक मांडण्यांत पेटीही जाते, आणि अट विसरलेली आज्ञा पेटीतील नोंदीही तितक्याच तत्परतेने बिघडवते. म्हणून 'पीजी-डंप' या आज्ञेने ठरल्या वेळी पूर्ण प्रत काढून ती मंचाबाहेर, दुसऱ्या जागी, कुलूपबंद ठेवावी लागते.

अशी प्रत बाळगणाऱ्या संस्था पुष्कळ आढळतील. ती परत उघडून पाहणाऱ्या थोड्या. आणि येथे तात्पुरत्या डेटाबेसचा एक उपयोग असा आहे की त्यासाठी आम्ही वरचा नियम शिथिल करतो. वर्षातून दोनदा तरी, संस्थेच्या स्वतःच्या बंदिस्त मंचावर, जबाबदार दोन व्यक्तींच्या उपस्थितीत, एक कोरा तात्पुरता डेटाबेस उभा करावा आणि खरी प्रत त्यात उतरवावी. नोंदींची संख्या मोजावी आणि ती कागदी रजिस्टरातील शेवटच्या अनुक्रमांकाशी ताडावी. मधली दहा-वीस पाने कोठूनही उघडून नाव, जात, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवावी. त्यात १९५० पूर्वीचे एखादे पान असेल तर ते प्रथम घ्यावे. काम होताच त्याच दिवशी संपूर्ण प्रकल्प पुसावा. 'ओसी डिलीट ऑल' ही आज्ञा नावाप्रमाणे सर्व काही पुसत नाही. सीक्रेट मागे राहतात. 'ओसी डिलीट प्रोजेक्ट' द्यावी, आणि थोड्या वेळाने 'ओसी गेट प्रोजेक्ट्स' विचारून ते नाव यादीतून गेल्याचे दोघांनीही पाहून मगच वहीत तारीख घालावी.